व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कला-इतिहासाचं संग्रहालय, कसं उभं राहिलं? हाताशी तीनच तास असतील तर तिथे काय पाहावं?

इमारत १८९१ची, पण आतला ऐवज त्याहून कितीतरी जुना. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या तिघांनी तो मुख्यतः जमवला. टिरोलच्या फर्डिनांडने इन्सब्रुकजवळ आम्ब्रासला चिलखतं आणि नवलाच्या वस्तू साठवल्या. सम्राट रुडॉल्फ दुसरा याने तोच नाद प्रागमध्ये केला. चित्रांचं खरं घबाड मात्र लिओपोल्ड विल्हेल्मचं. तो ब्रुसेल्सला सुभेदार असताना, १६४९मध्ये, इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडालं. पाठोपाठ चार्ल्सचा सरदार हॅमिल्टन याचाही शिरच्छेद झाला आणि हॅमिल्टनची व्हेनिसची चित्रं विक्रीला निघाली. ती लिओपोल्डने उचलली. तिशियन, जॉर्जोने हे व्हेनिसचे चित्रकार इथे का, याचं उत्तर त्या विक्रीत आहे. पुढे सम्राट फ्रान्झ जोसेफने झेम्पर आणि हासेनाउअर या वास्तुविशारदांकडून हे सगळं एका छताखाली आणवलं.

समोरची इमारत दिसायला हुबेहूब अशीच, पण ती निसर्ग-इतिहासाची. दारावरचं नाव वाचून शिरा. आत जिना चढताना मान वर करा: खांबांच्या मधल्या जागांत व्हिएन्नाचा चित्रकार क्लिम्ट याची तरुणपणची चित्रं आहेत. त्याचं गाजलेलं ‘चुंबन’ इथे शोधू नका, ते बेल्व्हेडेर या दुसऱ्या संग्रहालयात. राजमुकुटही इथे नाही, तो होफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात.

आधी पहिल्या मजल्यावर दहाव्या दालनात जा, गर्दी व्हायच्या आत. सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार थोरला ब्रॉयगल याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे एकत्र नाहीत. ‘बर्फातले शिकारी’ (१५६५) दुरून पाहून लोक पुढे सरकतात. थांबा. एवढा कुत्र्यांचा तांडा आणि शिकार काय, तर भाल्याला एक मरतुकडा कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळतेय. अर्धा तास इथेच द्या.

मग खाली कुन्स्टकामरमध्ये, म्हणजे नवलाच्या वस्तूंच्या दालनात, इटालियन सोनार-शिल्पकार चेल्लीनीची मीठदाणी. सोनं, मीना, खाली आबनूस. समुद्रदेवाजवळच्या होडीत मीठ, पृथ्वीदेवीजवळच्या छोट्या देवळात मिरी. तळाला हस्तिदंती गोट्या, म्हणजे टेबलावर सरकवता यावी. २००३मध्ये ती चोरीला गेली आणि २००६मध्ये जंगलात पुरलेली सापडली.

इजिप्तचा विभाग उत्तम आहे, पण तीन तासांत तो सोडा.