पहिल्या गिटारवर बोटे दुखतात तेव्हा दोष कोणाचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नामवंत वादक आपल्या पहिल्या गिटारविषयी एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात, ही पहिली. आणि तुमच्या पहिल्या गिटारच्या तारा दाबताना बोटे सोलवटतात, शिक्षक मात्र ‘बोटे घडेपर्यंत सोसा’ असे सांगतात, तेव्हा दुसरी गिटार घ्यावी का, ही दुसरी. शिक्षकांचे हे वाक्य आमच्या घरातही बोलले गेले होते आणि त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली. म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आमच्या घरी गिटार आली ती ताईसाठी. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि मी आठ वर्षांचा. गिटार कोणीतरी वापरून सोडलेली होती. रुंद नेक (डाव्या हाताने धरायची लांब मान), वरच्या टोकाला दोन लांबट खाचा आणि त्यात बसवलेल्या खुंट्या, अशी तिची घडण होती. ही नायलॉनच्या तारांसाठी बनवलेली क्लासिकल गिटार आहे, हे आज मला दुरूनही ओळखता येईल. त्या वेळी घरात कोणालाच त्याचे ज्ञान नव्हते. आधीच्या मालकाने आवाज मोठा यावा म्हणून तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो; स्टीलच्या नेहमीच्या संचाचा ताण ७० किलोच्या पुढे जातो. अशा बहुतेक गिटारींप्रमाणे आमच्या गिटारच्या नेकमध्येही हा जादा ताण पेलणारी लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नव्हती. त्यामुळे नेक हळूहळू पुढे वाकत गेली, ब्रिजमागची (ब्रिज म्हणजे गिटारच्या पेटीवर तारा अडकवायची पट्टी) लाकडी फळी फुगली आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर गेल्या की बाराव्या फ्रेटपाशी मधल्या फटीत माझी करंगळी सहज शिरत असे.

या गिटारवर ताई दोन वर्षे शिकली. तिचा कान विलक्षण होता. एकदा ऐकलेली चाल ती दुसऱ्या दिवशी एकही सूर न चुकता गुणगुणत असे आणि शेजारच्या खोलीत मी चुकीची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरसमूह, धरली की तिथूनच कोणते बोट चुकले ते सांगत असे. पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एका बोटाने दाबून धरायची एफ कॉर्ड मात्र तिला वाजेना. शिक्षक म्हणाले की तिची बोटे आखूड आहेत आणि तिच्यात सोसण्याची तयारी नाही. तिने दोन-तीनदा असेही सांगितले की, सगळा जोर लावून कॉर्ड दाबली तरी ती चढी लागते, मोकळ्या तारांशी जुळत नाही. त्यावर तिला उत्तर मिळाले की तिचा कान अजून कच्चा आहे. चौदाव्या वर्षी तिने गिटार कपाटावर ठेवली आणि आपल्याला हे जमण्यासारखे नाही, असे शांतपणे जाहीर केले. त्या वेळी तिच्या डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांवर जाड घट्टे होते. सोसण्याची तयारी नसलेल्या मुलीच्या हाताला असे घट्टे पडत नाहीत, हे तेव्हा कोणीच बोलले नाही.

पुढे तीच गिटार माझ्याकडे आली. शिक्षक तेच होते, अनुभवही तोच होता. मी सोळा वर्षांचा असताना एका रात्री ताणाने ब्रिज उखडला आणि कडाडून आवाज झाला, म्हणून नाइलाजाने मी ती वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडे नेली. त्यांनी प्रथम तारांकडे पाहिले आणि या कोणी लावल्या, असे विचारले. नंतर नेकच्या टोकाकडून एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत राहिले. आठवड्याने मी परत गेलो तेव्हा ब्रिज पुन्हा चिकटवलेला होता, नायलॉनच्या तारा चढवलेल्या होत्या, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून खाली आणलेले होते, आणि नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा कानशीने खोल करण्याचे काम त्यांनी माझ्यासमोर केले. खाच घासण्यापूर्वी त्यांनी मला सूर मोजणारा ट्यूनर दाखवला. मोकळी तार अचूक सुरात होती. तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबताच सूर अर्धस्वराच्या जवळजवळ पाव भागाइतका चढत होता. कारण साधे आहे. तार नटवर फार उंच असेल, तर ती फ्रेटपर्यंत नेताना जास्त ताणावी लागते आणि ताण वाढला की सूर चढतो. हा फरक नटजवळच्या पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सर्वांत अधिक असतो, आणि नवशिक्याच्या साऱ्या कॉर्ड नेमक्या तिथेच असतात.

म्हणजे ताईला जे ऐकू येत होते ते खरे होते, आणि ज्याला कच्चा म्हटले गेले तो कान त्या खोलीतला सर्वांत पक्का होता.

घरी आल्यावर मी गिटार तिच्या हातात दिली. तिने सहा वर्षांनी एफ धरली, सहाही तारा स्वच्छ वाजल्या. तिने ती कॉर्ड पुन्हा एकदा वाजवून कान देऊन ऐकली, “आता बरोबर लागते आहे,” एवढेच म्हणाली आणि गिटार मला परत दिली. तोवर तिचे शिक्षण दुसऱ्या वाटेला लागले होते. तिने पुन्हा वादन केले नाही.

आमचे शिक्षक नेहमी थोरामोठ्यांचे दाखले देत. त्यांनी याहून वाईट गिटारींवर शिक्षण घेतले, तुम्हाला मात्र सगळे मऊ हवे, असे त्यांचे म्हणणे असे. पुढे मी त्या थोरांच्या आठवणी लक्ष देऊन वाचल्या, तेव्हा त्यांतून वेगळेच निघाले. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांना तेराव्या वाढदिवसाला होयर बनावटीची स्टीलच्या तारांची गिटार मिळाली होती; ती वाजवायला इतकी कठीण गेली की त्यांनी काही काळ नाद सोडून दिला होता. बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी आपल्या पहिल्या, एगमंड कंपनीच्या गिटारचा स्क्रू कुतूहलाने काढला, नेक सुटून हातात आली आणि ते दोन तुकडे बराच काळ कपाटात पडून राहिले. ती गिटार जोडून दिली त्यांच्या भावाने, पीटरने. भावाने ती जोडली नसती तर काय झाले असते, या प्रश्नाशी मी नेहमी थांबतो, कारण आमच्याही घरी गिटार कपाटावरच पडून होती. क्लॅप्टन परतले म्हणून त्यांची आठवण आपल्यापर्यंत पोहोचली. जे परतले नाहीत त्यांना त्यांच्या पहिल्या गिटारविषयी कोणी विचारत नाही, आणि त्यांची संख्या शिक्षकांच्या दाखल्यांत कधीच धरली जात नाही.

ब्लॅक सबाथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांचे उदाहरण तर त्या मताच्या थेट विरुद्ध जाते. सतराव्या वर्षी कारखान्यातील यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच होता. जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर भिस्त ठेवून वाजवणाऱ्या जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांना धीर आला, ही गोष्ट सर्वजण सांगतात. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. आयोमी यांनी प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली, गिटारवर बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या आणि नंतर तारा सैल पडाव्यात म्हणून सूरही खाली उतरवला. त्यांनी वाद्य हातासाठी बदलून घेतले. या माणसाला सोसण्याचे धडे देण्याचे धाडस कोणी करू नये.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तरही यातूनच येते. या आठवणींत गिटारच्या आवाजाचे कौतुक फारसे नसते. ती कोणाच्या हातून आली, हे मात्र बारकाईने सांगितलेले असते. ब्रिटिश गायिका जोन आर्मट्रेडिंग यांची पहिली गिटार त्यांच्या आईने लहान मुलांच्या दोन बाबागाड्या देऊन बदल्यात आणली. बीटल्सचेच जॉन लेनन यांना पहिल्या कॉर्ड त्यांच्या आईने, ज्युलियाने, शिकवल्या. त्या बँजोच्या होत्या, म्हणून मुलाची गिटारही तिने बँजोसारखीच सुरात लावून दिली. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसह जी इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, तिची नेक शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीतून कोरलेली आहे आणि तिच्या ट्रेमोलोत (दांडी हलवून सूर वरखाली करणाऱ्या यंत्रणेत) मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा आहेत. ती त्यांची अगदी पहिली गिटार नव्हती, तरीही ते आजवर तीच वाजवत आले आहेत. आणि अमेरिकन लोकसंगीतातील गायिका-वादक एलिझाबेथ कॉटन यांनी लहानपणी घरकाम करून साठवलेल्या पैशांतून आपली गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या, त्यांनी तारांचा क्रम न बदलता गिटार उलटी धरली, आणि त्यामुळे अंगठ्याने चाल व बोटांनी खर्ज असे जे वादन तयार झाले ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांना कोणी ‘सरळ धर’ म्हणून बजावले असते आणि त्यांनी ते ऐकले असते, तर ही शैली जन्मालाच आली नसती.

आता तुमच्या गिटारविषयी. नवी घेण्यापूर्वी तीन ठिकाणी पाहा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. तिथे कागद जेमतेम सरकावा, अधिक फट असेल तर नट उंच आहे. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या तारांची जाड तार सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोन मिलिमीटरच्या आसपास उंच असावी. नायलॉनसाठी चार आणि तीन मिलिमीटर चालतात. नेक बाजूने पाहून तिला बाक आला आहे का ते तपासा. ट्रस रॉड असेल तर बाक बहुधा कमी करता येतो, पण तो स्वतः जोराने फिरवू नका. आणि कृपा करून आपली गिटार कोणत्या तारांसाठी बनली आहे, याची खात्री करून घ्या. ही कामे जाणकार कारागिराकडून एकदा करून घेतली की साध्या गिटारचाही स्वभाव पालटतो. ब्रिज उचललेला असेल तर तो आमच्या गिटारप्रमाणे पुन्हा चिकटवता येतो; नेक पिळवटली असेल, तर मात्र दुसरी गिटार घेणेच शहाणपणाचे ठरेल.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. उत्तम जुळवलेल्या गिटारवरही पहिले काही आठवडे बोटांची टोके हुळहुळतात आणि एफ कॉर्ड पहिल्या दिवशी कोणालाच येत नाही. तेवढे सोसणे शिकण्याचा भाग आहे. दुखणे मनगटात किंवा कोपरात असेल, तर बसण्याची व धरण्याची पद्धत तपासायला हवी आणि वाजवणे लगेच थांबवायला हवे. तुमचे शिक्षक चुकीचे आहेत, असा निवाडा मी न पाहता देऊ शकत नाही. कदाचित तुमची गिटार निर्दोष असेल आणि त्यांचे म्हणणे बरोबर असेल. ते ठरवण्याचा मार्ग सोपा आहे. पुढच्या शिकवणीला आपली गिटार त्यांच्या हातात द्या आणि तिच्यावर एफ वाजवून दाखवा, अशी नम्र विनंती करा. आमचे शिक्षक प्रत्येक धडा स्वतःच्या गिटारवर दाखवत असत. ताईची गिटार त्यांनी दोन वर्षांत एकदाही हातात घेतली नाही.