मूळ कागद देण्याआधी पोच घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत वळवायचे तुम्ही दोघांनी ठरवले, हे तुझ्या पत्रावरून कळले. व्याजदरातला फरक आणि कर्जाची उरलेली मुदत पाहता निर्णय योग्य आहे, म्हणून त्याविषयी मी काही लिहीत नाही. मी अस्वस्थ झालो तो तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळींनी. नव्या बँकेचा प्रतिनिधी शनिवारी घरी येऊन सगळे कागद एकदम घेऊन जाणार आहे, आणि कोणते मूळ कागद आपल्याजवळ आहेत व कोणते जुन्या बँकेकडे, हेच तुला नीट ठाऊक नाही, असे तू लिहिले आहेस. ते ठाऊक होईपर्यंत शनिवारची भेट पुढे ढकल. भेट होईल तेव्हाही लेखी पोच हाती आल्याशिवाय एकही मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नकोस.

पहिले काम जुन्या बँकेत आहे. तिथे लेखी अर्ज देऊन बँकेच्या ताब्यातील कागदपत्रांची यादी, जिला बँकेत सगळे एलओडी म्हणतात, आणि कर्जखात्याचा उतारा माग. कर्ज पूर्ण फेडण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे पत्र, म्हणजे फोरक्लोजर लेटर, आत्ताच मागू नकोस. ते ठरावीक तारखेपर्यंतच चालते, त्यामुळे नव्या बँकेची मंजुरी मिळाल्यावर घेतलेले बरे. अर्जाची दुसरी प्रत सोबत ने आणि तिच्यावर तारीख, सही व शिक्का घे. शिपायाने अर्ज ठेवून घेतला, साहेब जेवायला गेले होते, असे मला पुन्हा लिहू नकोस. साहेब येईपर्यंत तिथे बसून राहा.

यादी आली की ती सावकाश वाच. नोंदणीकृत करारनामा, मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, बिल्डरचे ना-हरकत पत्र, आणि तुमचे घर पुनर्विक्रीतले असल्यामुळे आधीच्या मालकांचे करारनामे, यांपैकी प्रत्येकासमोर ‘मूळ’ लिहिले आहे की ‘छायाप्रत’, ते पाहा. आधीच्या मालकांच्या करारांची साखळी मध्येच तुटलेली असेल, तर नव्या बँकेचा वकील मालकीहक्काच्या अहवालात तिथेच अडतो आणि सगळी प्रक्रिया थांबते. सोसायटीचे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, पुष्कळदा कर्ज मिळाल्यानंतर हाती येते आणि घरच्या कपाटातच राहते. तुमचेही कपाटात असेल, तर प्रतिनिधी बहुधा तेच आधी मागेल. त्याची छायाप्रत दे आणि मूळ प्रत पडताळणीसाठी त्याच्यासमोर धर. मूळ भागपत्र द्यायचेच झाले, तर ते बँकेच्या शाखेत, अधिकाऱ्याच्या हाती आणि पोच घेऊन.

पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे, बँकखात्याचा उतारा, पॅन आणि आधार हे सगळे छायाप्रतींचे काम आहे. त्यात डोके शिणवू नकोस. फक्त प्रत्येक प्रतीवर सही करताना ती कोणत्या बँकेच्या गृहकर्जाच्या अर्जासाठी दिली आहे ते आणि तारीख लिही. करारनाम्यावर तुझे माहेरचे आडनाव आहे आणि पॅनवर सासरचे, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोड.

तू म्हणशील, काका, एवढा अविश्वास कशासाठी? घरातही हेच ऐकत आलो. मी माझे कर्ज वळवले तेव्हा जुन्या बँकेने कागद परत देताना आधीच्या मालकाचा करारनामा दिलाच नाही, आणि तो आमच्याकडे कधी आलाच नव्हता, असे तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले. कर्ज घेताना मी हट्टाने लिहून घेतलेली पोच त्याच्यासमोर ठेवली. तिच्यावर त्या कराराचा दस्त क्रमांक होता, पानांची संख्या होती, त्याच शाखेचा शिक्का होता आणि घेणाऱ्याच्या सहीखाली त्याचा कर्मचारी क्रमांक होता. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, तो आत गेला, आणि पुढे तो करार दुसऱ्याच कुणाच्या फायलीत सापडला. ती पोच लिहून घेताना माझ्या थोरल्या भावाने मला सर्वांसमोर संशयी म्हटले होते, बँकेतली माणसे तोंड वाकडे करत होती, आणि तेवढ्यासाठी आमचे काम लांबले होते. त्याबद्दल मला आजही कमीपणा वाटत नाही. माझी भूमिका तेव्हाही बरोबर होती आणि आजही आहे. खंत एवढीच की करार सापडेपर्यंतचा सगळा काळ तुझ्या काकूने काळजीत काढला, आणि त्या विलंबाचा जाब विचारायला माझ्याजवळ तेव्हा नियमाचा आधार नव्हता.

तुझ्याजवळ तो आहे. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेची सर्व मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पण हे ३० दिवस मोजायचे कुठून? कर्ज फिटल्याची तारीख कागदावर हवी. म्हणून नव्या बँकेचा धनादेश जुन्या बँकेत जमा होईल त्या दिवशी स्वतः हजर राहा आणि तिथेही पोच घे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क वैयक्तिक कर्जदाराकडून घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. कुणी ते मागितलेच, तर ती मागणीही लेखी माग.

नव्या बँकेकडे घर गहाण ठेवताना मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते. व्याजाची बचत मोजताना ते आणि प्रक्रिया शुल्क वजा कर. सेरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीत जुन्या बँकेचा बोजा उतरला का आणि सोसायटीच्या दप्तरात नव्या बँकेची नोंद झाली का, हे शेवटी तपासायचे आहे. ते राहून गेले, तर घर विकताना आठवते.

पोचेचा मजकूर तू स्वतः टाइप करून ने, कारण तिथे कुणी लिहून देणार नाही. प्रत्येक कागदाचे नाव, दस्त क्रमांक, तारीख, पाने, मूळ की छायाप्रत हे एकेका ओळीत येऊ दे, आणि खाली घेणाऱ्याचे पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, सही व शिक्का यांसाठी जागा सोड. सही करणार नाही असे कुणी म्हणाले, तर कागद पिशवीत परत घाल आणि घरी ये. जुन्या बँकेची यादी मिळाली की तिची प्रत मला पाठव. मी ती ओळीने वाचून, कोणता कागद कमी आहे ते कळवतो.

तुझा,
काका