आधी ड्रायव्हरचा कागद, मग करवत

वाचकांचे प्रश्न : सबवूफर, पेटी आणि ट्यूनिंग

प्रश्न : माझ्याकडे बारा इंची ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचा सुटा स्पीकर, आहे. त्याच्या माहितीच्या कागदावर एफएस (ड्रायव्हर पेटीबाहेर मोकळा असताना त्याची स्वतःची कंपनसंख्या) २८ हर्ट्‌झ, क्यूटीएस (पडद्याच्या हालचालीला एकूण आवर किती; आकडा मोठा तर आवर कमी) ०.४० आणि व्हीएएस (ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी ताठ असणारी हवा) ९० लिटर असं दिलंय. आतून ९७ लिटरची पेटी केली. १० सेंमी व्यासाचा, २६ सेंमी लांब असा एक पोर्ट, म्हणजे दोन्ही टोकांना उघडी नळी, बसवला. बेस छान खोल यायचा, पण आवाज वाढवला की पोर्टमधून फसफस ऐकू यायची. म्हणून शेजारी तेवढ्याच मापाचा दुसरा पोर्ट बसवला. फसफस थांबली, पण खोल बेसही गेला. आता कुठलंही गाणं लावा, एकच सूर घुमतो, आणि कोन (ड्रायव्हरचा पुढे-मागे हलणारा पडदा) वेड्यासारखा हलतो. ड्रायव्हर बिघडला का?

उत्तर : ड्रायव्हर ठीक आहे आणि तुमची मूळ पेटीही बरोबर होती. हे आकडे समोर आले असते तर मीही ९५-१०० लिटर आणि ट्यूनिंग २७ हर्ट्‌झच सांगितलं असतं. दुसऱ्या पोर्टमुळे ट्यूनिंग हललंय.

पोर्टच्या नळीत असलेली हवा हे वजन आणि पेटीत कोंडलेली हवा ही स्प्रिंग. या दोघांची मिळून एक ठरावीक कंपनसंख्या असते, तेच ट्यूनिंग. तेवढ्याच लांबीची दुसरी नळी जोडली की हवेला ये-जा करायला वाट दुप्पट होते आणि स्प्रिंगवरचा भार निम्मा. त्यामुळे कंपनसंख्या दोनच्या वर्गमूळपट, म्हणजे सुमारे १.४१ पट वाढते. तुमचं २७ चं ट्यूनिंग ३८ वर जाऊन बसलं. ९७ लिटरच्या पेटीत या ड्रायव्हरला ३८ फार वर होतं. चाळिशीच्या आसपास उंचवटा तयार होतो, तोच तुमचा घुमणारा सूर. ३८ च्या बरंच खाली कोनच्या मागून येणारी लाट पोर्टमधून उलटी बाहेर पडते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. शिवाय तिथे कोनला आवरायला पेटीत काही उरत नाही. कोन वेड्यासारखा हलतो तो यामुळेच. ही स्थिती ड्रायव्हरला घातक आहे, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत आवाज मोठा करू नका.

लांबीचं गणित घरच्या कॅल्क्युलेटरवर होतं. व्यासाचा सेंटिमीटरमधला वर्ग घ्या, त्याला २३,५६२ ने गुणा, पोर्ट जितके असतील तितक्या पटीत वाढवा. मग ट्यूनिंगचा वर्ग आणि पेटीचे लिटर यांच्या गुणाकाराने भागा. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. एका पोर्टला २६ सेंमी येतात, अगदी तुमच्याच मापाचे. दोन पोर्टना मात्र प्रत्येकी ५९ सेंमी लागतात. एवढी सरळ नळी या पेटीत मावणं कठीण, एल्बो लावून वळवावी लागेल. वर दोन नळ्या आतली दहाएक लिटर जागा खातील, म्हणजे हिशेब पुन्हा मांडा. एकच १५ सेंमी व्यासाचा पोर्ट घेतला तरी लांबी ६४ सेंमीवर जाते. रुंद पोर्ट हवा असेल तर ही लांबी पत्करावीच लागते, त्याला पळवाट नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दुसरा पोर्ट बाहेरच्या तोंडाशी हवाबंद बुच बसवून बंद केला असता. तोंडाशीच, म्हणजे नळीतली हवा पेटीच्याच हिशेबात राहते. उरलेल्या पोर्टची दोन्ही टोकं, आतलं आणि बाहेरचं, गोलाई देऊन फाकवून घेतली असती. फसफस मुख्यतः धारदार कडेवर हवा फाटल्याने होते. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत राहिला तर ती सहसा त्रास देत नाही. आणि ॲम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर असेल तर तो २२ ते २५ हर्ट्‌झवर लावा. ज्या स्वरांना पेटी न्याय देऊ शकत नाही ते आधीच गाळले की पोर्ट आणि कोन दोघांचाही ताण कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजून बघा. फोनवर टोन जनरेटर घ्या, ॲम्प्लिफायर अगदी हळू ठेवा आणि ५० हर्ट्‌झपासून एकेक हर्ट्‌झ खाली या. डस्टकॅपला, म्हणजे कोनच्या मधल्या टोपीला, बोटाचं टोक जेमतेम टेकवा. सुरुवातीला थरथर स्पष्ट लागते, मग ती कमी कमी होत जाते आणि एका आकड्यावर कोन जवळजवळ निपचित पडतो. त्याच क्षणी दुसरा हात पोर्टसमोर धरा, हवेचा झोत सगळ्यात जोरदार तिथेच लागेल. तो आकडा म्हणजे तुमच्या पेटीचं खरं ट्यूनिंग. आणखी खाली गेलात की थरथर एकदम वाढते, तिथे थांबा. इम्पीडन्स (ड्रायव्हरचा विजेला होणारा विरोध) मोजायची सोय असेल तर आलेखात दोन शिखरं दिसतील, मधल्या दरीचा तळ म्हणजे हाच आकडा. आज मोजलंत तर ३८ च्या आसपास सापडेल. बुच बसवल्यावर २७ च्या जवळ आला की काम झालं.

प्रश्न : गाडीतून काढलेला एक सबवूफर आहे. एफएस ३०, क्यूईएस (क्यूटीएससारखाच, पण फक्त मॅग्नेट-कॉइलच्या आवराचा आकडा) ०.६०, क्यूटीएस ०.५५, व्हीएएस ६० लिटर. जागा फक्त ४० लिटरची आहे. पोर्ट लावला तर बेस वाढेल ना?

उत्तर : या ड्रायव्हरला पोर्ट लावू नका. एफएसला क्यूईएसने भागा, ५० येतात. हा भागाकार ५० च्या आसपास किंवा खाली असेल तर ड्रायव्हर बंद पेटीचा, १०० च्या आसपास किंवा वर असेल तर पोर्टचा, मधले दोन्हीकडे चालतात. हा ढोबळ आडाखा आहे, पण तुमच्या बाबतीत क्यूटीएसही तेच सांगतो. ०.५५ म्हणजे मॅग्नेटची कोनवरची पकड सैल. अशा कोनला इतक्या लहान पोर्टच्या पेटीत घातलं की मोठा फुगवटा येतो आणि ढोलकीची थाप संपल्यावरही पेटी घुमत राहते.

बंद पेटीत काय होईल ते पाहू. व्हीएएसला लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, ४० लिटरला १.५८ येतात. क्यूटीएसला त्याने गुणलं की पेटीसकट क्यू ०.८७, आणि एफएसला गुणलं की ४७ हर्ट्‌झ. पुस्तकी आदर्श ०.७०७ चा, त्यासाठी ९२ लिटर लागले असते. पण ०.८७ ला घाबरायचं कारण नाही, उंचवटा जेमतेम अर्धा डेसिबल येतो. आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरलात तर पेटी ड्रायव्हरला काहीशी मोठी भासते. ४८ लिटरइतकी भासली तर क्यू ०.८३ च्या खाली येतो. कापूस दाबून कोंबू नका, कोनच्या मागच्या जागेत तर मुळीच नाही.

४७ च्या खाली आवाज ऑक्टेव्हला (म्हणजे कंपनसंख्या दर वेळी निम्मी झाली की) १२ डेसिबलने उतरतो. पोर्टच्या पेटीत ट्यूनिंगखाली तोच उतार २४ डेसिबलचा असतो. म्हणून लहान खोलीत, भिंतींची मदत मिळते तिथे, चांगली बंद पेटी कागदावरच्या आकड्यापेक्षा खोल वाटते. मला स्वतःला हा आवाज जास्त आवडतो.

प्रश्न : नव्या ड्रायव्हरचा एफएस कागदावर २८ आहे, मी मोजला तर ३३ आला. परत पाठवू का?

उत्तर : इतक्यात नको. नव्या ड्रायव्हरचा स्पायडर (कोनला मागून धरणारी चुणीदार चकती) आणि सराउंड (कोनच्या कडेचा लवचीक पट्टा) ताठ असतात. ताठरपणामुळे एफएस वर जातो, पण त्याच वेळी व्हीएएस कमी होतो आणि क्यूटीएस वाढतो. तिन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टच्या पेटीचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. तेव्हापासून हे आकडे आपल्या हातात आले. पण ते एकेकटे वाचले की फसगत होते.

तुमचे बाकीचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून पहिल्या पत्रातले घेतो. २८, ०.४० आणि ९० लिटर. फक्त ताठरपणामुळे एफएस ३३ झाला असेल तर क्यूटीएस ०.४७ आणि व्हीएएस ६५ लिटर मिळायला हवा. आता दोन्ही संच ४२ लिटरच्या बंद पेटीत घाला. कागदाप्रमाणे क्यू ०.७१ आणि ५० हर्ट्‌झ, नव्या मोजमापाप्रमाणे ०.७५ आणि ५२-५३ हर्ट्‌झ. कानाला हा फरक कळायचा नाही, कारण पेटीतली हवा ही ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्प्रिंगपेक्षा ताठ आहे आणि शेवटचा शब्द तिचा असतो.

तपासायची खूण सोपी. एफएस भागिले क्यूटीएस करा. कागदावरचा भागाकार आणि तुमच्या मोजमापाचा भागाकार जवळपास सारखा आला, तर ड्रायव्हर ताठ आहे, सदोष नाही. काही तास मध्यम हालचालीने चालवून पुन्हा मोजा. भागाकारच बराच वेगळा आला तर मात्र मॅग्नेट, व्हॉइस कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) किंवा कोनचं वजन यात काहीतरी वेगळं आहे. तेव्हा परत पाठवा.

प्रश्न : एकाच पेटीत एकसारखे दोन ड्रायव्हर लावायचे आहेत. पेटी किती मोठी?

उत्तर : एका ड्रायव्हरला लागतात त्याच्या दुप्पट लिटर, ट्यूनिंग तेच. पोर्टचं क्षेत्रफळही दुप्पट करा, म्हणजे लांबी पहिल्याइतकीच राहते. मध्ये फळी घालून दोन कप्पे करा असा माझा आग्रह आहे. एक ड्रायव्हर जळला तर दुसऱ्याला अचानक दुप्पट पेटी मिळत नाही, आणि फळीमुळे पेटीही ताठ होते.

प्रश्न : प्लायवूड की एमडीएफ?

उत्तर : दोन्ही चालतात, १८ मिमी घ्या आणि मोठ्या फळ्यांना आतून आडवे आधार द्या. आधार, पोर्ट आणि ड्रायव्हरचा मागचा भाग यांनी खाल्लेली जागा एकूण लिटरमधून वजा करायला विसरू नका. लाकडापेक्षा सांधे जास्त महत्त्वाचे. बंद पेटीचा कोन दोन्ही तळव्यांनी सावकाश, सरळ आत दाबा आणि सोडा. तो रेंगाळत परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर वायर जोडायच्या टर्मिनलची चकती आणि ड्रायव्हरखालचं गॅस्केट आधी तपासा.