नाशिकमध्ये ऑटिझम असलेल्या मुलाला नर्सरीत घालायचंय, शाळेला आधी सांगावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा जूनमध्ये सव्वातीन वर्षांचा होईल, ऑटिझमचं निदान झालंय, मोजकेच शब्द बोलतो, राहायला पाथर्डी फाट्याला आहात आणि घरचे म्हणतायत शाळेला काही बोलू नका, एकदा अ‍ॅडमिशन होऊ दे मग बघू. माझं मत विचाराल तर शाळेला सांगा. आणि फॉर्म भरायच्या आधीच सांगा, फी भरल्यावर नाही.

कारण असं की नर्सरीत पंचवीस-तीस पोरं, एक टीचर आणि एक मावशी असतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या लक्षात येतंच. मग तुम्हाला बोलावणार आणि बोलणं सुरूच होणार "तुम्ही आम्हाला सांगितलं नाही" इथून, पुढे मुलाबद्दल बोलायचं राहूनच जातं. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती तोपर्यंतच्या दिवसांची. टीचरला माहितीच नसेल तर तिला वाटणार हा ऐकत नाही, हट्टी आहे, घरी लाडावून ठेवलाय, आणि ती त्याला ओरडणार, त्यात तिचीही चूक नाही. आणि तुमच्या मुलाला घरी येऊन सांगताही येणार नाही की आज टीचर रागावली.

माझी मुलगी आता दुसरीत आहे, इथेच, साध्या शाळेत, तिलाही ऑटिझम आहे. तिच्या नर्सरीच्या वेळी शाळा बघायला जाताना हिने, म्हणजे माझ्या बायकोने, मुलीबद्दल एक पान लिहून घेतलं होतं. डॉक्टरांचा रिपोर्ट पण होता सोबत पण तो मागितला तरच द्यायचा, कारण रिपोर्टमध्ये काय येत नाही तेच लिहिलेलं असतं आणि ते वाचून टीचर घाबरते. पानावर काय होतं तर, पाणी हवं असलं की आपला हात धरून बाटलीपाशी नेते. लांबून हाक मारली तर बघेलच असं नाही, समोर खाली बसून बोललं की बघते. स्पीकरचा मोठा आवाज आला की कान झाकते, तेव्हा थोडं बाहेर नेलं की पाच-दहा मिनिटांत शांत होते. शू लागली की फ्रॉकचं टोक ओढते. आणि खाली थेरपिस्टचा नंबर, त्यांना विचारून.

एका मोठ्या शाळेत मॅडमनी ते पान न वाचताच बाजूला ठेवलं, म्हणाल्या आमच्याकडे तसा सेटअप नाहीये, आणि बाकीचे पालक पण विचारतात हो. खूप वाईट वाटलं होतं, अजूनही आठवलं की वाटतं. पण दुसऱ्या एका छोट्या शाळेत, जिच्या बोर्डावर इन्क्लुझिव्ह वगैरे काहीही लिहिलेलं नव्हतं, तिथल्या टीचरने ते पान उभ्याउभ्याच पूर्ण वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फ्रॉकचं टोक ओढते म्हणता, पण आमचा युनिफॉर्म टी-शर्ट आणि पँट आहे, मग ती काय ओढेल?" आमचं तिथेच ठरलं. घरी आल्यापासून तिला टी-शर्ट घालायला लागलो आणि टी-शर्टचं टोक ओढायची सवय शाळा सुरू व्हायच्या आत झाली.

म्हणून मी म्हणतो की शाळा काय उत्तर देते त्यापेक्षा काय प्रश्न विचारते ते बघा. "हो हो घेऊ की, काही प्रॉब्लेम नाही" असं पटकन म्हणणाऱ्या शाळेची मला उलट जास्त भीती वाटते. जाताना शक्यतो डबा खायच्या वेळी जा, शाळेचं खरं रूप तेव्हा दिसतं. गेटला कडी आहे का आणि ती मुलाच्या हाताला येते का, वॉशरूमला सोबत कोण जातं, एखादं मूल रडतंय तर त्याच्याजवळ कोणी बसलंय का सगळे आपापल्या कामात आहेत, हे बघा. आणि थेट विचारा की मूल वर्गातून उठून बाहेर गेलं तर तुम्ही काय करता.

शाळा जवळचीच घ्या. पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडला नावाजलेल्या शाळेत रोज व्हॅनने पाठवणं, मग दुपारी परत थेरपी, एवढं तीन वर्षांच्या पोराला झेपत नाही, संध्याकाळी सगळा थकवा घरात बाहेर पडतो.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, त्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम येतो, आणि कलम 16 प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेला अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेशात भेदभाव करता येत नाही. पण कॉलनीतल्या बंगल्यात चालणारे प्लेग्रुप अशा मान्यतेत नसतात, तिथे हे कलम दाखवून फारसं काही होत नाही. म्हणून पुढे पहिली असलेली मान्यताप्राप्त शाळा मिळाली तर बरं, नाहीतर पहिलीला परत सगळं पहिल्यापासून. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, हक्क 6 ते 14 वयासाठी आहे, पण खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागा शाळेचा प्रवेश जिथून सुरू होतो तिथून लागू होतात, म्हणजे शाळा नर्सरीपासून प्रवेश देत असेल तर नर्सरीतही. दिव्यांग मूल वंचित घटकात येतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे कितीतरी पालकांना माहितीच नसतं आणि आपला पगार जास्त आहे म्हणून फॉर्मच भरत नाहीत. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट मात्र लागतं.

ते सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), दोन्हीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा आणि मग त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला तपासणी. आत्ताच करा, शाळेसाठी थांबू नका. एवढ्या लहान वयात बहुतेक तात्पुरतं मिळतं आणि नंतर परत तपासणी होते, त्याने नाराज होऊ नका. तपासणीच्या दिवशी खाऊ, पाणी आणि त्याची आवडती वस्तू न्या कारण बसायला लागतं. घरच्यांना ‘शिक्का बसेल’ असं वाटत असेल तर त्यांना सांगा की हे कागद आपल्या फाईलमध्ये राहतात, कुठे दाखवायचे ते आपण ठरवतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो, त्यालाही हेच सर्टिफिकेट लागतं.

घराजवळच्या अंगणवाडीला नाक मुरडू नका. 3 ते 6 च्या मुलांसाठीच ती आहे, दिव्यांग मुलांसाठी केंद्राने 2023 मध्ये अंगणवाडी प्रोटोकॉल पण काढलाय. दिवसातले दोन तास चार मुलांमध्ये बसायची सवय लागली तरी खूप आहे. आणि कधी विशेष शाळेचा विचार करायची वेळ आलीच तर त्यात कमीपणा मानू नका. रजनीताई लिमयेंनी 1977 साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली ती याच गावात, किती घरांना त्या शाळेने आधार दिलाय.

वयाची घाई नाही. आपल्याकडे 31 डिसेंबरला 3 पूर्ण असली की नर्सरी आणि 6 पूर्ण असली की पहिली, हे किमान वय आहे, एखादं वर्ष उशीर झाला तरी चालतं. पण बोलायला लागल्यावरच शाळेत घालू असं म्हणून घरी ठेवणं मला पटत नाही. सुरुवातीला एक-दीड तासच पाठवू का असं विचारा, समजूतदार शाळा हो म्हणते. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारी वेगळी टीचर, पहिल्याच दिवशी लावू नका, महिनाभर बघा, कारण सतत चिकटून कोणी असलं की वर्गातली टीचर त्याच्याशी बोलायचंच सोडते.

जूनच्या आधी सुट्टीत शाळा रिकामी असताना त्याला दोन-चारदा नेऊन आणा, वर्ग, वॉशरूम, बाटली ठेवायची जागा दाखवा, मोबाइलवर फोटो काढून घरी रोज दाखवत जा. आणि ते पान लिहाल ना, ते मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, आणि एक कॉपी मावशींच्या हातात स्वतः द्या. दिवसभर त्याला वॉशरूमला नेणार, डबा उघडून देणार त्या मावशीच.