शब्दचर्चा: ट्रान्सपाइल म्हणजे भाषांतर नव्हे, आदेश

सांगलीच्या विश्रामबागेतून एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला आहे. जावास्क्रिप्ट शिकताना तो बॅबलपाशी येऊन थबकला आहे. बॅबल म्हणजे नवे कोड जुन्या ब्राउझरांना कळेल अशा धाटणीत बसवणारे साधन, आणि त्या बसवण्यालाच म्हणतात ट्रान्सपाइल करणे. विचारतो, "ट्रान्सपाइल करणे याला मराठीत भाषांतर म्हणावे की रूपांतर? आणि मॅक्रोला काय म्हणावे?"

भाषांतर तर नकोच. "बॅबल तुमच्या कोडचे भाषांतर करतो" हे वाक्य सांगली-साताऱ्याच्या क्लासांमध्ये इतक्यांदा कानावर येते की आता उठून जावेसे वाटते. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत? आत जाते ती जावास्क्रिप्ट, बाहेर येते तीही जावास्क्रिप्टच. फक्त नव्या धाटणीची जुन्या धाटणीत बसवलेली. ऑस्ट्रेलियाच्या सबॅस्टियन मॅकेंझीने 2014 साली हे साधन काढले तेव्हा त्याचे नावच 'सिक्स टू फाइव्ह' होते, म्हणजे सहाव्या आवृत्तीतून पाचव्या आवृत्तीत. 2015 मध्ये त्याचे बॅबल झाले आणि नावातच (बायबलच्या कथेतल्या बॅबेलच्या मनोऱ्यासारखा) भाषांचा गोंधळ असल्यामुळे लोकांना भाषांतर सुचू लागले. रूपांतर चूक नाही, पण फार ढोबळ. 'कन्व्हर्ट मारला' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

काही जण शुद्धतेच्या आवेशात कंपायलरला (प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात नेणाऱ्या साधनाला) 'संकलक' म्हणतात आणि मग ट्रान्सपायलरला 'परासंकलक' वगैरे काहीतरी जोडतात. संकलक शब्द बरोबर होता, पण 1952 साली. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांचा ए-झीरो नावाचा कंपायलर खरोखरच तयार उपकार्यक्रम ग्रंथालयातून उचलून एकत्र लावत असे, ते संकलनच. आजचा कंपायलर काही गोळा करत बसत नाही. लॅटिन मूळ तर त्याहून मजेशीर आहे, कोंपिलारे म्हणजे लुटणे. पण ते राहू द्या, कारण हवा तो शब्द आपल्याकडे दोन हजारांहून अधिक वर्षे पडून आहे: आदेश.

आदेश म्हटले की कलेक्टर कचेरीतला कागद डोळ्यांपुढे येतो, हे आपले दुर्दैव. व्याकरणात आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसरे येणे. ज्याची जागा जाते तो स्थानी, जो येतो तो आदेश. दधि आणि अत्र यांचे दध्यत्र होते तेव्हा इ हा स्थानी, य हा आदेश, आणि नियम सांगतो की पुढे स्वर असेल तरच. बॅबलचा प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा भाग, याहून वेगळे काय करतो? कोडचे आधी झाड होते, म्हणजे फांद्या-उपफांद्यांत मांडलेला रचनेचा आराखडा, त्या झाडाच्या फांद्यांवरून प्लगिन फिरतो, ठरलेल्या प्रकारची गाठ (झाडातला एक घटक) ठरलेल्या परिस्थितीत दिसली की तिथे दुसरी ठेवतो. 'अ ** ब' (अ चा ब वा घात) दिसले की 'मॅथ.पॉव(अ, ब)'. संधी झाला.

वैयाकरणांकडे या कामाचे तीन प्रकार आहेत: आदेश, आगम आणि लोप. बॅबलमध्येही गाठीवर करायची मुख्य कामे तीनच. रिप्लेसविथ हा आदेश, इन्सर्टबिफोर-इन्सर्टआफ्टर हा आगम, रिमूव्ह हा लोप. पाठशाळांत म्हणतात, 'मित्रवदागमः शत्रुवदादेशः'. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा उठवून लावतो. 'बॅबल लावला की जुन्या ब्राउझरात सगळे चालते' या गैरसमजाचा निकाल या एका ओळीत लागतो. बॅबलचा आदेश फक्त वाक्यरचनेपुरता. प्रॉमिससारखी वस्तूच जुन्या ब्राउझरात नसेल तर तिथे उठवायचे कोणाला? तिथे आगम हवा, म्हणजे पॉलिफिल, ब्राउझरात नसलेली वस्तू पुरवणारे कोड. रेमी शार्प या प्रोग्रामरने हे नाव भिंतीच्या भेगा बुजवायच्या पॉलिफिला नावाच्या लुकणावरून घेतले. आपल्याकडचे रंगारी त्याच कामाला लांबी भरणे म्हणतात.

लोप पाहायचा असेल तर टाइपस्क्रिप्ट पाहा, म्हणजे किमतींचे प्रकार (टाइप) लिहून ठेवता येणारी जावास्क्रिप्ट. 'अदर्शनं लोपः', दिसेनासे होणे म्हणजे लोप. टाइपांचे असेच होते (एनम, म्हणजे ठरावीक किमतींची नावे, मात्र जात नाही, मागे वस्तू ठेवतो). नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) हल्ली टाइप काढून तिथे मोकळी जागा सोडतो, म्हणजे चूक ज्या ओळीत आहे तिचा क्रमांक सरकत नाही. प्रत्यय गेला तरी त्याचे कार्य राहते, असे पाणिनीचे सूत्र आहे. माझ्या मते हे त्याच जातीचे.

आता मला खरा आनंद देणारी गोष्ट. आदेशात धातू आहे दिश्, दाखवणे. दिशा, देश, निर्देश, उपदेश ही त्याची घरची माणसे. त्याच भारत-युरोपीय मुळातून लॅटिन दीकेरे आले आणि त्या शाखेत इंडेक्स आणि कंडिशन जन्मले. आणि टोकनही! कोड वाचून झाड बनवणारा पार्सर पहिल्यांदा कोडचे जे तुकडे करतो ते टोकन. म्हणजे टोकनपासून आदेशापर्यंतचा सगळा प्रवास एकाच धातूच्या घरात होतो. टोकनला या घरात घ्यायला काही व्युत्पत्तिकार तयार नाहीत. ग्रिमच्या नियमाने मूळ क चा जर्मानिक भाषांत ह व्हायला हवा होता, इथे क कसा, असा त्यांचा आक्षेप. मग मुळात ग असलेला जोडधातू मानावा लागतो. मानावा की! शेवटच्या व्यंजनात असा घोष-अघोष पालट असलेली धातूंची जोडपी याच मंडळींनी इतरत्र बिनतक्रार मान्य केली आहेत. खूण, दाखवणे, बोट करणे, एवढा अर्थ जुळत असताना एका व्यंजनासाठी सोयरीक मोडायची म्हणजे पत्रिका पाहून लग्न मोडण्यातला प्रकार झाला.

'संस्कृत ओढूनताणून आणता' असे कोणी म्हणेलच. हा आमच्याकडचाच माल आहे. साताऱ्यात भास्करशास्त्री अभ्यंकरांनी व्याकरण शिकवले, त्यांचे नातू वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले (ते मात्र भाषांतर). वाईला 1916 पासून प्राज्ञपाठशाळा आहे. तिथला विद्यार्थी पाणिनीचे 'स्थानिवदादेशोऽनल्विधौ' हे सूत्र ऐकेल आणि अ‍ॅरो फंक्शनचे (बाणाच्या खुणेने लिहिलेल्या आखूड फंक्शनचे) कोडे चटकन सोडवेल. आदेशाने स्थानीसारखे वागले पाहिजे, हा सूत्राचा अर्धा भाग. अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा 'धिस' (काम कोणत्या वस्तूवर चालले आहे ते दाखवणारा शब्द) नसतो, तो बाहेरचा वापरतो. साध्या फंक्शनला असतो. नुसती अदलाबदल केली तर अर्थ बिघडतो. म्हणून बॅबल बाहेर 'अंडरस्कोअर धिस' नावाचा व्हेरिएबल करून त्यात जुना धिस धरून ठेवतो आणि आत तोच वापरतो. हा स्थानिवद्भाव. उरलेला अर्धा भाग 'अनल्विधौ': जिथे काम अक्षरावरच अवलंबून आहे तिथे हे वागणे लागू नाही. फंक्शनवर टूस्ट्रिंग (त्याचा मजकूर दाखवणारी सूचना) चालवून बघा. तुम्ही लिहिलेली अक्षरे दिसत नाहीत, आदेशाची दिसतात. सूत्रकाराने अपवादसुद्धा सोडला नाही.

राहिला मॅक्रो. त्याला मॅक्रोच म्हणा. ग्रीक माक्रोस म्हणजे लांब, आणि एका छोट्या सूचनेची लांबलचक होते एवढेच त्यात आहे. लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत टिमथी हार्टने 1963 साली मॅक्रो आणले. प्लगिनचा आदेश बाहेरून, सगळ्या कोडवर चालतो. मॅक्रोत लिहिणारा स्वतः त्या जागी आदेश मागतो. बॅबलच्या मॅक्रो प्लगिनमध्ये तुम्ही मॅक्रो आयात करता, कंपाइल होताना त्याचे काम उरकते आणि आयातीची ओळसुद्धा बाहेर येत नाही. म्हणून 'मॅक्रो रन होतो तेव्हा' असे ब्राउझरविषयी बोलू नका. ब्राउझरला मॅक्रो कधी भेटतच नाही.

एक मराठी शब्द मात्र इथे जरूर वापरा. हायजिनिक मॅक्रोला 'आरोग्यदायी' म्हणणाऱ्याला माझा दंडवत. तो सोवळा मॅक्रो. दोन किमतींची अदलाबदल करणारा मॅक्रो आत 'टेम्प' नावाचा व्हेरिएबल वापरतो, आणि तुमच्या कोडातही टेम्प असला की दोघांची शिवाशिव होऊन किमती बिघडतात. मोझिलाकडून 2012 मध्ये आलेल्या स्वीट जेएस या जावास्क्रिप्टसाठीच्या मॅक्रो-साधनाचे मॅक्रो हे सोवळे आपणहून पाळत. बॅबलमध्ये ते तुम्हालाच पाळावे लागते: प्लगिनमध्ये नवे नाव हाताने लिहू नका, स्कोपकडून (त्या ठिकाणी कोणती नावे घेतली आहेत याची नोंद ठेवणाऱ्याकडून) जनरेट-यूआयडी-आयडेंटिफायरने मागून घ्या. टेम्प मागितले तर तो 'अंडरस्कोअर टेम्प' देतो, तेही घेतलेले असेल तर पुढे दोनचा आकडा लावून देतो.