वाचक विचारतात

प्रश्न: अमेरिकेत एका पोलिश संपादकाचं दैनिक वाचणं चर्चने पाप ठरवलं होतं म्हणे. खरं का?

उत्तर: अगदी खरं! तो संपादक म्हणजे मिखाल क्रुश्का. 1880 साली अमेरिकेत आला आणि 1888 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात त्याने ‘कुर्येर पोलस्की’ हे पोलिश दैनिक काढलं. पुढे विस्कॉन्सिनच्या विधिमंडळावरही निवडून गेला. सरकारी शाळांत पोलिश शिकवा, म्हणून त्याने आग्रह धरला, तिथेच कॅथलिक पाद्र्यांशी बिनसलं. त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या ना. त्यात मिलवॉकीतलंच सेंट जोसाफाटचं भव्य चर्च. शिकागोच्या पाडलेल्या पोस्टाचे दगड आणून बांधलेलं, तरी डोक्यावर कर्जाचा डोंगर. देणगीदार मजूर, हिशेब मात्र कोणी देईना. क्रुश्का दैनिकातून तो हिशेब मागू लागला, शिवाय पोलिश बिशपही हवा म्हणाला.

1912 मध्ये बिशपांनी पत्रक काढून हे दैनिक वाचायलाच बंदी घातली. क्रुश्काच्या कंपनीने नुकसानभरपाईचा दावा लावला; 1916 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली. माणूस भांडखोर होता, हेही खरं. पण 1918 मध्ये तो गेल्यावरही दैनिक 1962 पर्यंत निघत राहिलं.