स्टोरेज फुल्ल, पेनड्राइव्ह रिकामा: मॅकवाल्या वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी हळूच एक ओळ टाकलीय की सर, कुठलं क्लीनर ॲप घेऊ. कुठलंच नको. मॅक साफ करायला जे लागतं ते मॅकमध्येच आहे, आणि "तुमचा मॅक धोक्यात आहे" असं लाल अक्षरात ओरडणारी जी खिडकी ब्राउझरमध्ये उघडते ती तर बंद करायची आणि विसरून जायचं. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे खाली परत परत लिहायला नको.

प्रश्न: माझ्याकडे एम वन मॅकबुक एअर आहे, 256 जीबीचा. गेले काही दिवस "डिस्क ऑलमोस्ट फुल" येतंय. लग्नाचे व्हिडिओ होते 40 जीबीचे, ते हार्डडिस्कवर टाकून इथून उडवले, ट्रॅशपण रिकामा केला, तरी जागा जैसे थे! आणि सिस्टिम डेटा म्हणून काहीतरी 90 जीबी दाखवतंय. हे काय आहे आणि कसं काढू? (एक वाचक, सांगली)

तुमचं काही चुकलेलं नाही, व्हिडिओ खरंच गेलेत, पण मॅकने त्यांची जागा अजून सोडलेली नाहीये. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की टाइम मशीन, म्हणजे मॅकची आपोआप बॅकअप घेणारी सोय, चालू आहे पण बॅकअपची डिस्क बरेच महिने जोडलेलीच नाही, तिथेच सगळी गोम आहे. टाइम मशीन चालू असलं की डिस्क जोडलेली असो नसो, मॅक साधारण दर तासाला आतल्या आतच एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीला डिस्क कशी होती त्याची नोंद, घेऊन ठेवतो आणि तो 24 तास सांभाळतो. स्नॅपशॉटमध्ये व्हिडिओ आहेत म्हटल्यावर तुम्ही फाइल उडवली तरी तो म्हणणार, थांबा, कालचं मागायला आलात तर द्यायला नको का? आणि हे सगळं जाऊन बसतं सिस्टिम डेटात. बऱ्याचदा एक दिवस गप्प बसलं, लॅपटॉप चालू ठेवला आणि एकदा रिस्टार्ट केला की जागा आपोआप मोकळी होते.

घाई असेल तर मॅकमधलंच डिस्क युटिलिटी ॲप उघडा, डावीकडे "डेटा" नावाचं व्हॉल्यूम निवडा, वर व्ह्यू मेनूत "शो एपीएफएस स्नॅपशॉट्स" आहे ते दाबा. खाली यादी येईल, तारीख आणि वेळेसकट. ज्यांच्या नावात टाइम मशीन आहे ते निवडून वजाच्या खुणेने काढून टाकले तरी चालतं, फक्त हार्डडिस्कवरचे व्हिडिओ उघडतायत ना हे एकदा चालवून बघा आणि मगच काढा. लग्नाचे व्हिडिओ आहेत, परत काढता येणार नाहीत.

त्याशिवाय सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, स्टोरेज इथे जा. तिथली पट्टी मोजायला वेळ घेते, लगेच निष्कर्ष काढू नका. यादीत "आयओएस फाइल्स" दिसलं तर तो तुमच्या आयफोनचा जुना बॅकअप, कधीतरी फोन बदलताना केबल लावून घेतलेला असतो आणि मग कुणाला आठवत नाही. 128 जीबीचा फोन असेल तर बॅकअप किती मोठा होत असेल बघा. शेजारच्या आय वर दाबून काढता येतो. व्हॉट्सॲप मॅकवर वापरत असाल तर फॅमिली ग्रुपचं सगळं सुप्रभात तिथेही उतरतंय, ऑटो डाउनलोड बंद करा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. आयक्लाउड फोटोज चालू असताना "मॅकवर जागा नाही" म्हणून फोटोज ॲपमधून फोटो उडवायचे. ते फोनवरूनही जातात, सगळीकडून जातात. 30 दिवस "रिसेन्टली डिलीटेड"मध्ये असतात तेवढाच काय तो आधार. जागा हवी असेल तर फोटोजच्या सेटिंगमध्ये "ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज" लावा, मग मूळ फोटो क्लाउडवर राहतात आणि इथे छोटी कॉपी राहते. अर्थात त्यासाठी क्लाउडमध्ये तेवढी जागा विकत घेतलेली पाहिजे, फुकटच्या 5 जीबीत काही होत नाही.

प्रश्न: विंडोजवरून नवीनच मॅकवर आलोय. फाइल कट करताच येत नाही का हो? राइट क्लिक केलं तर फक्त कॉपी आहे. (नांदेड)

येते. आधी कमांड सी करा, मग जिथे न्यायची तिथे जाऊन कमांड व्ही च्या ऐवजी ऑप्शन कमांड व्ही. कॉपी की कट हे उचलताना नाही, ठेवताना ठरवायचं. आणि एंटर मारल्यावर फाइल उघडत नाही, नाव बदलायला येतं म्हणून वैतागू नका, उघडायला कमांड ओ. आठवडाभर शिव्या द्याल, मग सवय होते.

प्रश्न: मॅकवरून पेनड्राइव्हमध्ये फाइल्स टाकून झेरॉक्सच्या दुकानात गेले तर प्रत्येक फाइलच्या दोन दोन फाइल्स दिसत होत्या, त्यातली एक उघडतच नव्हती. दुकानदार म्हणाला मॅडम तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे. खरंच आहे का? शिवाय घरी भावाची हार्डडिस्क लावली तर तिच्यावरचं सगळं दिसतं पण नवीन काही टाकता येत नाही. (एक शिक्षिका, कराड)

व्हायरस नाही ताई, दुकानदाराला सांगा निश्चिंत राहा म्हणून. ज्या फाइलच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोअर असतं ती मॅकने स्वतःसाठी ठेवलेली चिठ्ठी असते, फाइलची जास्तीची माहिती वगैरे. मॅकला ती दिसत नाही, विंडोजला दिसते. काही केबीचीच असते, तिच्यावर क्लिक केलं तर उघडणार नाहीच. दुसरी, मोठी फाइल उघडायची. आणि छपाईला जाताना पेजेसची, म्हणजे मॅकच्या लेखनाच्या ॲपची, फाइल नेऊ नका, फाइल मेनूत एक्सपोर्ट टू, पीडीएफ असं करून पीडीएफच न्या, म्हणजे फॉन्टचीही भानगड राहत नाही.

भावाची हार्डडिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या, फॉरमॅटची असणार. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही, आणि हे मुद्दामच तसं आहे, बिघाड नाही. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागते. म्हणजे आतलं सगळं जाणार, तेव्हा आधी भावाला विचारा! फॅट 32 पण दोन्हीकडे चालतं पण त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ टाकायला गेलात की अडकाल. फॉरमॅट करताना डिस्क युटिलिटीत व्ह्यूमध्ये "शो ऑल डिव्हायसेस" करा आणि सगळ्यात वरचं नाव निवडा, त्याच्या पोटातलं नाही, नाहीतर स्कीम, म्हणजे डिस्कची विभागणी कशी करायची ते, निवडायचा पर्यायच येत नाही. जुन्या टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह असेल तर स्कीममध्ये मास्टर बूट रेकॉर्ड घ्या.

हो, आणि पेनड्राइव्हवरच्या फाइल्स मॅकवर डिलीट केल्या तर ट्रॅश रिकामा केल्याशिवाय पेनड्राइव्हची जागा सुटत नाही. "फाइल्स नाहीत तरी फुल" ह्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

प्रश्न: मुलीचा स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरतोय. फोटो 20 ते 50 केबी, सही 10 ते 20 केबी मागतात. आयफोनचा फोटो 2 एमबीचा आणि वर फॉरमॅट चालत नाही म्हणतं. ऑनलाइन साइटवर टाकून कमी करू का? (एक पालक, अकोला)

मुलीचा फोटो आणि सही, दोन्ही कुठल्यातरी अनोळखी साइटवर कशाला चढवायचे? मॅकमधल्याच प्रिव्ह्यू ॲपमध्ये होतं. आयफोनचा फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतो म्हणून साइट नाही म्हणते. फोटो प्रिव्ह्यूत उघडा, चेहऱ्याभोवती चौकोन ओढा आणि कमांड के, म्हणजे बाकीचं कापलं जातं. मग टूल्समध्ये ॲडजस्ट साइझ, तिथे फॉर्ममध्ये सांगितलेले पिक्सेल टाका. हे आधी करायचं. पिक्सेल हजारोंनी ठेवून नुसती क्वालिटी खाली ओढली तर चेहरा चौकोन चौकोन दिसतो. शेवटी फाइल मेनूत एक्सपोर्ट, फॉरमॅट जेपीइजी, आणि क्वालिटीची पट्टी सरकवत असताना खाली फाइल साइझ बदलताना दिसते, ती बघत बघत थांबायचं.

थांबायचं कुठे? अगदी काठावर नको. मॅक 1000 बाइटचा एक केबी धरतो, बऱ्याच साइट 1024 चा धरतात. त्यामुळे मॅकवर 20 केबी दिसणारी फाइल साइटच्या हिशोबाने साडेएकोणीसच भरते आणि "किमान 20 केबी पाहिजे" म्हणून परत येते, मग माणूस डोक्याला हात लावून बसतो. फोटो 30 ते 45 मध्ये ठेवा, सही 15 च्या आसपास. फाइलच्या शेवटी जेपीइजी आलं आणि साइट फक्त जेपीजी म्हणत असेल तर नाव बदलून जेपीजी करा, आतून दोन्ही एकच आहे.

प्रश्न: मॅकवर मराठी टाइप करतो इनस्क्रिप्टने, पण "दुसऱ्या", "तिसऱ्या" लिहिताना दुसर्या, तिसर्या असं होतं. आणि प्रेसमधून आलेली जुनी फाइल उघडली तर नुसती गिचमिड दिसते. (दिवाळी अंकाचं काम बघणारे एक काका, डोंबिवली)

काका, साध्या र ने तो रफार होणारच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट जे दाबलं की ऱ येतो, मग डी ने पाय मोडायचा आणि शेवटी स्लॅशने य. शिफ्ट जे, डी, स्लॅश, मग काना. झालं "ऱ्या". कुठलं अक्षर कुठे आहे हे विसरायला होत असेल तर वर मेनूबारमधल्या भाषेच्या खुणेवर दाबून "शो कीबोर्ड व्ह्यूअर" घ्या, शिफ्ट दाबून धरलं की वरची सगळी अक्षरं दिसतात. इंग्रजी मराठी अदलाबदल कंट्रोल स्पेसने.

अंकाचं काम आहे म्हणून एक जास्तीचं सांगतो. काही लेखक हाच "ऱ्या" वेगळ्या पद्धतीने, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर घालून टाइप करतात. दिसायला तंतोतंत सारखं, पण कमांड एफ करून "दुसऱ्या" शोधलं तर त्यांच्या लेखात ते सापडतच नाही. शुद्धलेखन तपासताना फाइंड रिप्लेसवर विसंबत असाल तर दोन्ही प्रकार शोधा.

गिचमिड दिसते कारण ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीये, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहे. तिथे मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट नाही म्हटल्यावर उघडी इंग्रजी अक्षरं दिसतात. नुसता दुसरा मराठी फॉन्ट लावून ती सुधारणार नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावी लागेल आणि नंतर जोडाक्षरं डोळ्याखालून घालावीच लागतील. गंमत म्हणजे मॅकच्या फॉन्ट यादीत "श्री देवनागरी 714" आधीपासून असतो, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, ज्यांनी श्रीलिपी काढली तेच. पण तो युनिकोड फॉन्ट आहे, नाव बघून जुन्या फाइलला लावत बसू नका.

प्रश्न: ओळखीतून सेकंडहँड मॅकबुक प्रो घेतला, चांगला स्वस्तात मिळाला. फॉरमॅट केल्यावर आता "रिमोट मॅनेजमेंट" अशी स्क्रीन येते आणि कुठल्यातरी कंपनीचं नाव दिसतं. विकणारा म्हणतो नेट बंद ठेवून सेटअप करा, चालेल. (पुणे)

चालेल, पण तुमचा होणार नाही. त्या मशीनचा सिरीयल नंबर कंपनीच्या नावावर ॲपलकडे नोंदलेला आहे आणि ती नोंद फक्त कंपनीचा आयटी विभागच काढू शकतो. नेट बंद ठेवून आत शिरलात तरी पुढे कधी परत फॉरमॅट करायची वेळ आली की ती स्क्रीन हजर, आणि मशीन एकदा कंपनीच्या यंत्रणेत जोडलं गेलं तर कंपनीला लांबूनही लॉक करता येतो. कंपनीने रीतसर विकलेला असेल तर विकणाऱ्याला म्हणावं आयटीकडून नोंद काढून आण. तो टाळाटाळ करायला लागला तर समजून जा, मशीन परत द्या आणि पैसे घ्या. "काढून देतो" म्हणणारे दुरुस्तीवाले भेटतील, त्यांना पैसे देऊ नका.

बाकीच्यांसाठी: सेकंडहँड घेताना विकणाऱ्यासमोरच त्याच्याकडून "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" करून घ्या, सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रीसेट मध्ये आहे. मग स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून सेटअप पुढे न्या. रिमोट मॅनेजमेंट आलं किंवा ॲक्टिव्हेशन लॉकसाठी (मशीन जुन्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं असणं) त्याचा पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा, चहा प्या आणि घरी या. बॅटरी बघायला ऑप्शन दाबून ॲपल मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन, पॉवर, सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली ते). गेल्या बऱ्याच वर्षांतल्या मॅकबुकना 1000 सायकलचा हिशोब असतो, 800 च्या पुढे असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा.

प्रश्न: 2017 चा एअर आहे, 8 जीबी रॅम. पंखा विमानासारखा वाजतो, ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल टास्क 300 टक्के दिसतं. रॅम वाढवून नवीन मॅकओएस टाकू का? (रत्नागिरी)

रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, वाढत नाही. कर्नल टास्क हा आजार नाही, मशीन तापलं की तोच प्रोसेसर अडवून धरतो म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम कमी पळतील. तेव्हा आधी मागचं झाकण उघडून पंख्यातली धूळ काढून घ्या, थर्मल पेस्ट बदला, कोकणातल्या दमट हवेत हे जरा लवकरच करावं लागतं. गादीवर ठेवून वापरू नका.

नवीन मॅकओएस मात्र नाही. ह्या मॉडेलला मॅकओएसची मॉन्टेरे ही आवृत्ती शेवटची, आणि 2024 पासून त्याला सुरक्षेचे अपडेटही बंद झालेत. 2025 च्या टाहो आवृत्तीनंतर तर ॲपल इंटेलचा प्रोसेसर असलेल्या सगळ्याच मॅकचा निरोप घेतंय. लिहायला, पीडीएफ वाचायला, पोरांना गाणी लावायला अजून छान चालेल, पण नेट बँकिंग त्याच्यावर करू नका, ते फोनवर करा. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून नवीन सिस्टिम बसवणारे लोक आहेत, पण ते ज्यांना रविवारभर खटपट करायची हौस आहे त्यांच्यासाठी, आणि 8 जीबीत ती रखडतेच.